दोन थापा

भोर,
२० फेब्रुवारी २०२५

रा. रा. सोमनाथराव रेणुसे, मु. गुंजवणे, यांस रखमाजी दारवटकर यांचा भोरहून रामराम.

व्याहीबुवा, फोनवर आपलं बोलणं होऊ शकत नाही हे आता सिद्ध झालं आहे. तुम्ही बोलता तेव्हा मी बोलतो, मी बोलतो तेव्हा तुम्ही बोलता, आणि राहिलेलं रेंज खाते. म्हणून हे पत्र. यात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

रविवारी माझी सुलक्षणा आणि तुमचा इंद्रजित यांची सुपारी तुमच्या दारी फुटली. पण सुपारी फुटायच्या आधी तुमच्या नव्या गाडीचा दिवा फुटला आणि तो माझ्या गाडीमुळे फुटला, हे मी नाकारत नाही. नाकारतो ते एवढंच, की चूक माझी होती. शुभकार्य होतं म्हणून मी जेवण होईपर्यंत तोंड मिटून बसलो. तुमचे बंधू गेनू मात्र पंगतीत वाढता वाढता म्हणाले, की वय झालं की माणसानं स्टेअरिंग सोडावं. माझ्या पानात तेव्हा पुरी होती, ती मी तशीच ठेवली.

सोमनाथराव, मी भोर डेपोत एसटी चालवली. वरंधा घाटात पावसाळ्यातसुद्धा माझ्या गाडीला कधी ओरखडा आला नाही. महामंडळाने त्याबद्दल बिल्ला दिला आहे. असा माणूस तुमच्या सपाट अंगणात, भर दुपारी, गाडी लावताना ठोकेल का? ठोकली ती तुमच्यामुळे. मी गाडी मागे घेत होतो, तुम्ही स्वतः पाठीमागे उभे होता. तुम्ही दोन थापा मारल्या आणि मी तुमच्यावर विसंबलो. तुम्ही त्या दोन थापा मारल्या नसत्या तर काही झालं नसतं. तुमची गाडी तिथे आडवी कशासाठी उभी होती हा आणखी वेगळा प्रश्न आहे, तो मी आज काढत नाही.

तुम्ही एवढंच करा. गेनूंच्या समोर एकदा सांगा, की आपल्या थापांमुळे पाहुणे फसले. विषय संपला. दिवा मी बसवून देतो.

आपला,
रखमाजी दारवटकर


गुंजवणे,
२५ फेब्रुवारी २०२५

श्री. रखमाजीराव यांस सोमनाथ रेणुसे यांचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. आमच्या सौ. ठकुबाईला वाचता येत नाही, म्हणून मी ते पडवीत बसून तिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. "तुम्ही दोन थापा मारल्या" इथे आलो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ठकुबाई म्हणाली, पुढं वाचा. काय वाचू?

अहो, आमच्या घराण्याला कुणी काही म्हणो, पण थापाड्या म्हटलेलं नाही. राजगड बघायला पुण्याची माणसं येतात, माझ्याकडे जेवतात, माझ्या भाताच्या खाचरात गाड्या लावतात. त्यांना मी "वर पाणी मिळेल" अशीसुद्धा थाप कधी मारलेली नाही. आणि जिथे मुलाचं लग्न जमवायचं तिथे मी थापा मारेन? आणि मोजून दोन?

कोणत्या दोन, ते तरी कळू द्या. इंद्रजितची नोकरी खरी आहे, कायम आहे, खेड-शिवापूरला जाऊन कुणालाही विचारा. वय पत्रिकेत आहे. शेती सात-बाऱ्यावर आहे. आता तुम्ही बोललाच आहात म्हणून सांगतो, धरणात गेलेल्या जमिनीला आम्ही अजून "आपली जमीन" म्हणतो आणि त्या दिवशी तुम्हाला बोट करून मी पाण्यातच ती दाखवली. त्याला थाप म्हणायचं असेल तर ती एक झाली. दुसरी तुम्ही सांगा.

राहिलं गाडीचं. मी तुम्हाला वेळेवर इशारा दिला होता. तुम्ही ऐकला नाहीत आणि बुंगाट मागे आलात. ठोकलीत तुम्ही आणि खोटारडा मी! चोर तो चोर वर शिरजोर. दिवा मी कालच बसवून घेतला आहे, त्याचं नाव पुन्हा काढू नका. पण मला थापाड्या म्हटलेलं मात्र लेखी परत घ्या.

सोमनाथ रेणुसे


भोर,
१ मार्च २०२५

रा. रा. सोमनाथराव यांस रामराम.

कपाळाला हात लावला. अहो, तोंडाच्या थापा नव्हेत, हाताच्या! तुम्ही माझ्या गाडीच्या डिकीवर तुमच्या उजव्या हाताने धप धप अशा दोन थापा मारल्या. त्या मी म्हणतोय. तुमची नोकरी, शेती, पत्रिका यांवर मी स्वप्नातही शंका घेतलेली नाही. जमिनीचं म्हणाल तर ती तुमचीच आहे, वर पाणी असेना का.

आता थापांचा अर्थ सांगतो, कारण तो तुम्हाला ठाऊक नाही असं दिसतं. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरतो आणि पत्र्यावर थाप मारतो. तिथेही तोच कायदा. एक थाप, ब्रेक. दोन थापा, येऊ दे. माझ्या कंडक्टरच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्यानेही कधी मला दगा दिला नाही.

रविवारी तुम्ही दोन थापा मारल्या. मी आरशात पाहिलं, तुम्ही बाजूला उभे होता, म्हणजे मागे अजून जागा आहे असं मी समजलो. पायाने क्लच सोडला तो माझ्या डोक्याला विचारून नव्हे. दोन थापा ऐकल्या की माझा पाय आपोआप उचलला जातो, त्याला काय आज नव्याने शिकवायचं? तुम्ही मला "चल" सांगितलंत आणि मी चाललो. याला चूक म्हणत असतील तर उद्या घंटी ऐकून निघालेल्या प्रत्येक ड्रायव्हरला फाशी द्या.

हाताच्या कांकणाला आरसा कशाला? एकदा कुठल्याही एसटी स्टँडवर जाऊन विचारा आणि मग मला कळवा.

रखमाजी


गुंजवणे,
८ मार्च २०२५

श्री. रखमाजीराव यांस नमस्कार.

थापा हाताच्या होत्या हे कळलं. तोंडाच्या थापांचा राग मी मागे घेतो. हाताच्या थापांचा मात्र घेत नाही.

तुम्ही एसटी चालवलीत, मान्य. पण मीही काही झोपा काढलेल्या नाहीत. शनिवार-रविवारी माझ्या खाचरात बांधापासून बांधापर्यंत गाड्या लागतात आणि प्रत्येक गाडी मी स्वतः मागे उभं राहून लावून घेतो. आमच्याकडे रीत अशी आहे, की गाडी येत असते तोवर गप्प राहायचं आणि ती जागेवर आली की डिकीवर दोन थापा मारायच्या. धप धप, झालं, उतरा. पुण्याच्या बायका-पोरींनाही ते कळतं, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकच थाप मारली तर लोकांना वाटतं चुकून हात लागला. तुम्हाला दोन मारल्या तेव्हा तुमची गाडी अगदी बरोबर जागेवर होती. नंतर ती जिथे गेली तिथे तुम्ही नेली.

अंगण माझं आहे. तिथे माझी रीत चालणार की तुमच्या डेपोची?

असो. हे आपल्या दोघांत संपलं असतं, पण आता गोष्ट भावकीत गेली आहे. परवा सगळे बसले होते. मध्यस्थ म्हणून गेनबा शेंडकरही होते, ज्यांनी हे स्थळ आणलं. एक म्हणतो एक थाप, दुसरा म्हणतो दोन, मार्गासनीच्या एका पाहुण्याने तर शिट्टीचंच काढलं. शेवटी सगळ्यांचं मत पडलं, की थापांचा निकाल काही लागायचा नाही, पण रीतीने बघितलं तर मुलीकडच्यांनी पड खावी. मुलीच्या बापाला एवढा ताठा शोभत नाही. तुम्ही "न बघता गाडी मागे घेतली, चूक माझी" असं दोन ओळी लिहून पाठवा. मी सगळ्यांना वाचून दाखवतो आणि लगेच लग्नाची तारीख काढतो. तोवर तारखेचं कुणी बोलणार नाही असं ठरलं आहे. मीही त्यात काही करू शकत नाही.

सोमनाथ रेणुसे


भोर,
१२ मार्च २०२५

श्री. सोमनाथ रेणुसे यांस,

तुमच्या पत्रातलं थापांचं मी एक वेळ समजून घेईन. तुमच्या अंगणात तुमची रीत असेल, मला ती माहीत नव्हती आणि तुम्हाला माझी माहीत नव्हती. दोन शहाणी माणसं यावर महिनाभर भांडली असती आणि मग एकत्र जेवली असती.

पण पुढचं काय लिहिलंत ते तुम्ही पुन्हा वाचलंत का? निकाल लागत नाही, म्हणून मुलीचा बाप दोषी! म्हणजे मी मुलाचा बाप असतो तर तीच गाडी, त्याच थापा, तोच फुटलेला दिवा, आणि चूक तुमची झाली असती. मग बैठक कशाला बसवलीत? सुपारीच्या दिवशीच दारात पाटी लावायची, की मुलीकडच्यांनी आत येताना आपली चूक सोबत आणावी.

मी आयुष्यभर खाकी घातली. साहेब लोकांनी खोटे रिपोर्ट लिहायला सांगितले तेव्हाही सही केली नाही. मी त्या दिवशी बघूनच गाडी मागे घेतली होती. "न बघता" हे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. मुलीचा बाप म्हणून मी पंगतीत शेवटी बसेन, तुमच्या पाहुण्यांच्या बॅगा उचलेन. पण खोटं लिहिणार नाही.

रखमाजी दारवटकर


भोर,
४ एप्रिल २०२५

श्री. सोमनाथराव रेणुसे यांस सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्राचं तुमचं उत्तर आलं नाही. काल मध्यस्थ गेनबा शेंडकर येऊन गेले. त्यांनी सांगितलं, की तुमच्याकडे दुसऱ्या स्थळाचा विषय निघाला आहे. ते असंही म्हणाले, की सुपारी मोडलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे मला माहीत आहेच. हो, मला माहीत आहे.

तरी लिहितो, की सुपारीच्या दिवशी तुमच्या अंगणात मी न बघता गाडी मागे घेतली. चूक माझी आहे. झाल्या प्रकाराबद्दल आपण व आपल्या भावकीने मला माफ करावं.

तारीख कळवावी. सुलक्षणाला यातलं काही सांगू नये, ही विनंती.

आपला नम्र,
रखमाजी विठोबा दारवटकर


भोर,
९ एप्रिल २०२५

ती. स्व. सोमनाथमामा यांना सुलक्षणाचा नमस्कार.

लग्नाआधी सासऱ्यांना पत्र लिहायची पद्धत नाही हे मला ठाऊक आहे. पण पद्धतीप्रमाणे वागून आबांचं काय झालं ते मी पाहिलं, म्हणून लिहिते.

आबांनी तुम्हाला माफीचं पत्र लिहिलं हे मला घरात कुणी सांगितलं नाही. मला त्याचा फोटो आला तो इंद्रजितकडून. गेनूकाकांनी तो तुमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली अंगठे होते, हसरी तोंडं होती. कुणीतरी लिहिलं होतं, "आलं शेवटी ताळ्यावर." इंद्रजितने मला लिहिलं, "मिटलं एकदाचं." त्याला वाटलं मला आनंद होईल. मला इतका राग आला की मी कामावरून तशीच उठून घरी आले. आबा अंगणात गाडी पुसत होते. मला बघून त्यांनी विचारलं, आज लवकर कशी?

मामा, त्या दिवशी मी मागच्या सीटवर होते. थापा मीही ऐकल्या. त्याआधी आबांनी दोन्ही आरशांत पाहिलं, मान वळवून मागेही पाहिलं आणि मग गाडी घेतली. त्यांच्या पत्रात "न बघता" असं आहे ते खोटं आहे. त्यांनी ते माझ्यासाठी लिहिलं आणि तुम्ही ते त्यांच्याकडून लिहून घेतलंत. दोन थापांचा अर्थ काय यावर तुम्ही दोघं आयुष्यभर भांडत बसलात तरी माझी हरकत नव्हती. पण तुमच्या बैठकीने गाडीकडे पाहिलंच नाही. कोण कुणीकडचं आहे ते पाहिलं आणि निकाल दिला. अशा घरात उद्या चुलीवरचं दूध उतू गेलं तर ते कुणामुळे गेलं हे आधीच ठरलेलं असेल. मी त्या चुलीपुढे का उभं राहावं?

इंद्रजित मला आवडतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्याला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, जाऊ दे ना, मोठ्यांचं मोठे बघतील. मी त्याला विचारलं, तुझ्या वडिलांनी असं पत्र लिहिलं असतं तर तू "मिटलं" म्हणाला असतास का? त्यावर तो गप्प बसला. अजून गप्पच आहे.

माझं मागणं एवढंच आहे. आबांचं पत्र त्यांना परत करा. ते परत येईपर्यंत मी बस्ता बांधायला येणार नाही आणि तारीखही मान्य करणार नाही. दुसरं स्थळ बघायचं असेल तर खुशाल बघा. सुपारी मोडलेल्या मुलीचं काय होतं ते मी बघून घेईन.

हे पत्र मामींना वाचून दाखवावं.

सुलक्षणा


गुंजवणे,
१५ एप्रिल २०२५

रा. रा. व्याहीबुवा रखमाजीराव यांस सोमनाथचा रामराम.

सोबत तुमचं ४ तारखेचं पत्र परत पाठवत आहे. सुलक्षणाने मला काय लिहिलं ते तिला विचारा, ती सांगेल. तिने लिहिलेलं मला आधी अजिबात आवडलं नाही. कालची पोरगी मला शिकवते, असं मी ठकुबाईला म्हणालो. ती म्हणाली, वाचा तर खरं. मी सगळं वाचलं.

ठकुबाई शेंगा निवडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, आपल्या लग्नात मुहूर्त टळला होता ते तुम्हाला आठवतं का? मला एवढंच आठवत होतं, की वऱ्हाड उशिरा पोचलं आणि माझे वडील तापले होते. ती म्हणाली, "त्यो टरक ओढ्यात रुतला म्हणून उशीर झाला. टरक तुमचा व्हता, डायवर तुमचा व्हता. आन् माझ्या बापानं भर मांडवात तुमच्या वडलांच्या पायावर फेटा ठिवला. म्या अंतरपाटाच्या खालनं बघितला."

मी म्हणालो, इतकी वर्षं कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, "कुणाला बोलणार? माझ्या बापाला लिवता येत न्हवतं म्हणून त्यानं फेटा ठिवला. व्याह्यास्नी लिवता येतं म्हणून त्यांनी कागद ठिवला. तुमी तवाबी गप व्हता, आन् आता तुमचा ल्योक गप हाय."

व्याहीबुवा, मी तिच्या बापाच्या घरी कितीतरी वेळा जेवलो आहे. ते गेले तेव्हा मी खांदा दिला. पण त्या माणसाला एकदाही म्हणालो नाही, की ट्रक आमचा होता. आता म्हणायचं तर ते नाहीत. मला त्या दिवशी पडवीत बसवेना. बैठकीबद्दल मी "मीही त्यात काही करू शकत नाही" असं जे तुम्हाला लिहिलं होतं, ते साफ खोटं होतं. एक शब्द बोललो असतो तर बैठक उठली असती. मी बोललो नाही, कारण तुम्ही वाकलेलं मला बघायचं होतं.

इंद्रजितला मी समोर बसवलं आणि ठकुबाईने सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. तो उठून गेनूच्या घरी गेला. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, पण गेनू दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे बरंच काही झालं असावं. आज सकाळी इंद्रजित गाडी घेऊन भोरकडे निघाला आहे. हे पत्र पोचायच्या आधीच तो तुमच्या दारात आला असेल. सुलक्षणाशी त्याला बोलू द्या. ती नाही म्हणाली तर आमचं काही म्हणणं नाही, सुपारी आमच्यामुळे मोडली असंच मी चारचौघांत सांगेन. हो म्हणाली तर तारीख तुम्ही काढा, आम्ही येऊ.

थापांबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि तुमचंही बदलू नका. मुलगी दिली म्हणून तुम्ही माझ्याशी भांडायचे थांबलात तर मला ते चालणार नाही.

गेनूने ग्रुपवरून फोटो काढला आहे. पण ज्यांनी बघायचा त्यांनी तो बघितला, हसायचे ते हसले, ते काढून टाकता येत नाही. म्हणून आज मी हे माझं पत्र त्याच ग्रुपवर टाकतो आहे, ट्रकासकट आणि फेट्यासकट. आता हसा म्हणावं.

आपला,
सोमनाथ रेणुसे